जयपूरची याचिका आणि भुकेचा हिशेब

जयपूर शहराच्या हद्दीपासून जेमतेम पाच किलोमीटरवर असलेल्या भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांत २००१ सालच्या प्रारंभी गव्हाच्या गोण्या मावत नव्हत्या. आत जागा उरली नाही म्हणून थप्प्या उघड्यावर लागल्या आणि उघड्यावरचे धान्य पावसापाण्याने सडू लागले. राजस्थानातील दुष्काळाचे ते सलग तिसरे वर्ष होते. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या 'पीयूसीएल' या संघटनेच्या राजस्थान शाखेचे कार्यकर्ते गावोगावी फिरले, तेव्हा त्यांना पाळीपाळीने जेवणारी कुटुंबे आढळली. आज घरातील काहींनी जेवायचे, उरलेल्यांनी उद्या. सडणारा गहू आणि पाळीचे जेवण या दोन गोष्टींमधले अंतर अवघ्या काही किलोमीटरांचे होते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेली रिट याचिका क्रमांक १९६ ही या निरीक्षणातून जन्माला आली. पुढे देशभर 'अन्नाच्या अधिकाराचा खटला' म्हणून ती ओळखली गेली. कविता श्रीवास्तव यांच्यासारख्या जयपूरच्या कार्यकर्त्यांनी तिचा पाठपुरावा केला आणि ज्येष्ठ विधिज्ञ कॉलिन गोन्साल्विस यांनी न्यायालयात बाजू मांडली.

या याचिकेत प्रतिवादी कोण होते, हे मराठी वाचकाने आवर्जून लक्षात घ्यावे असे आहे. केंद्र सरकार, अन्न महामंडळ आणि सहा राज्ये अशी ती यादी होती. राजस्थान, ओरिसा, छत्तीसगढ, गुजरात आणि हिमाचल प्रदेश यांच्या पंक्तीला त्यात महाराष्ट्रही होता. रोजगार हमीची देशाला ओळख करून देणारे राज्य भुकेच्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्याजवळ उभे राहिले होते. याचिकाकर्त्यांचा मूळ मुद्दा साधा होता. राजस्थानची स्वतःची दुष्काळ संहिता आहे. दुष्काळ पडला की कामे काढावीत, निराधारांना अन्न द्यावे, हे तीत लिहिलेले आहे. धान्य आहे, नियम आहेत, भुकेलेही आहेत. मग धान्य भुकेल्यापर्यंत का जात नाही, एवढाच प्रश्न होता. घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या जगण्याच्या हक्कात अन्नाचा समावेश होतो की नाही, हा घटनात्मक प्रश्न त्यामागून आला.

धान्य का जात नव्हते, याचे उत्तर तेव्हाच्या धोरणात होते. १९९७ च्या जूनमध्ये सार्वजनिक वितरण व्यवस्था 'लक्ष्याधारित' झाली. म्हणजे सरसकट सर्वांना मिळणारे रेशन दारिद्र्यरेषेच्या वरचे आणि खालचे अशा दोन गटांत विभागले गेले. २००० सालच्या अर्थसंकल्पाने रेषेच्या वरच्यांसाठी धान्याचा दर सरकारला पडणाऱ्या पूर्ण खर्चाएवढा आणि खालच्यांसाठी त्याच्या निम्मा ठरवला. परिणामी, रेषेच्या वरचा ग्राहक रेशन दुकानाकडे फिरकेनासा झाला; खुल्या बाजारात आणि दुकानात दर सारखेच असतील तर रांगेत कोण उभे राहील? रेषेच्या खालच्या कुटुंबांपैकी अनेकांना निम्मा दरही परवडेना, आणि खरोखर गरीब असलेल्या कित्येकांचे नाव त्या यादीत नव्हतेच. दुसरीकडे गहू आणि तांदळाचे हमीभाव वर्षागणिक वाढत होते. पंजाब-हरियाणातून खरेदी जोरात, उचल मात्र मंद. १ जुलै २००१ रोजी केंद्राच्या गोदामांत सुमारे सहा कोटी टन धान्य होते. त्या तारखेसाठीचे साठ्याचे निर्धारित प्रमाण होते २ कोटी ४३ लाख टन. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी त्या काळात असा हिशेब मांडला होता की, या गोण्या एकापुढे एक मांडल्या तर ती रांग चंद्रापर्यंत जाऊन परत येईल. सरकारने या साठ्यावर काढलेला तोडगा त्याहून विलक्षण होता. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी जो दर होता, साधारण त्याच दराने गहू-तांदूळ निर्यातदारांना विकण्यात आला. देशातील भुकेल्याला अनुदान देणे तिजोरीला जड वाटत होते. परदेशी ग्राहकाला, किंबहुना त्याच्या जनावरांनाही, तेच अनुदान देणे चालून गेले.

न्या. बी. एन. किरपाल यांच्या पीठाने २३ जुलै २००१ च्या सुनावणीतच आपली चिंता स्पष्ट केली होती. वृद्ध, अपंग, निराधार स्त्रिया, गर्भवती आणि स्तनदा माता, लहान मुले यांच्यापर्यंत अन्न पोहोचलेच पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. तथापि, खरा टप्पा गाठला तो २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने. या आदेशाने एकही नवी योजना आणली नाही. सार्वजनिक वितरण, अंत्योदय, माध्यान्ह भोजन, एकात्मिक बालविकास, अन्नपूर्णा, वृद्धापकाळ निवृत्तिवेतन, प्रसूती लाभ आणि कुटुंब लाभ या आठ योजना आधीपासून कागदावर होत्याच. न्यायालयाने एवढेच सांगितले की यापुढे त्या लाभार्थ्याचा कायदेशीर हक्क मानल्या जातील. सरकारला त्या आपल्या मर्जीने गुंडाळता वा आखडता येणार नाहीत. मंत्रालयात वा सचिवालयात ज्यांनी काम केले आहे त्यांना या एका वाक्याचे वजन वेगळे सांगायला नको. योजनेत 'निधीच्या उपलब्धतेनुसार' हे शब्द घालता येतात. हक्काच्या बाबतीत तशी सोय नसते.

माध्यान्ह भोजनाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९९५ पासून केंद्राची योजना होती. पण तमिळनाडू आणि गुजरातसारखे थोडे अपवाद सोडले तर बहुतेक राज्ये मुलाला महिन्याकाठी तीन किलो कोरडे धान्य देऊन मोकळी होत. ते धान्य घरी जाई आणि घरच्या हंड्यात विरघळून जाई. शिजवलेले अन्न, किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षाला किमान २०० दिवस, असे न्यायालयाने आकड्यांतच सांगितले. राजस्थानने जुलै २००२ मध्ये सुरुवात केली ती घुगरीने, म्हणजे गूळ घालून उकडलेल्या गव्हाने. रोज तीच घुगरी खाऊन मुले कंटाळली आणि काही ठिकाणी पोटदुखीच्या तक्रारीही आल्या. टीका झाली, ती रास्तच होती, आणि पुढे ताटात पोळी-भाजी, डाळ, खिचडी आली. पण राज्यातील शाळांच्या आवारात चूल पेटली ती त्या उकडलेल्या गव्हापासून, हे विसरता येत नाही.

त्याच २००२ सालात मोसमी पाऊस देशभर सरासरीपेक्षा १९ टक्क्यांनी कमी पडला. राजस्थानची स्थिती सर्वांत बिकट होती. मध्य प्रदेशच्या सीमेलगतच्या बारां जिल्ह्यातील शाहाबाद आणि किशनगंज या भागांत सहरिया आदिवासींमध्ये भूकबळींच्या बातम्या येऊ लागल्या. 'समा' नावाच्या रानगवताचे बी रांधून खाण्याची पाळी या लोकांवर आली होती. अशोक गेहलोत यांचे सरकार तेव्हा जयपुरात सत्तेवर होते. हे मृत्यू आजाराने झाले, भुकेने नव्हे, अशी सरकारची भूमिका राहिली. ही भूमिका केवळ त्या सरकारची वा त्या पक्षाची नव्हती. मेळघाटच्या बालमृत्यूंवर मुंबईतील सरकारे हेच बोलत आली आहेत आणि ओरिसाच्या काशीपूर वा कालाहंडीबद्दल भुवनेश्वरनेही दुसरे काही सांगितले नाही. यात वैद्यकीयदृष्ट्या अर्धसत्य आहे, म्हणूनच ते टिकते. माणूस केवळ उपाशी राहून क्वचितच मरतो. दीर्घकाळ अर्धपोटी राहिलेल्या देहाला हगवण, हिवताप, न्यूमोनिया यांपैकी काहीतरी गाठते, आणि दाखल्यावर त्या शेवटच्या पाहुण्याचे नाव लिहिले जाते. शासकीय अहवालात 'पोटात अन्नाचे अंश आढळले' हे वाक्य लिहून फाइल बंद करता येते. तो अंश समाच्या बियांचा होता की भाकरीचा, याची नोंद ठेवण्याचा रकाना नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने या पळवाटेवर जो उपाय योजला तो सनदी सेवेच्या इतिहासात नोंद घेण्याजोगा आहे. ८ मे २००२ च्या आदेशाने डॉ. एन. सी. सक्सेना आणि एस. आर. शंकरन या दोघा निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची आयुक्त म्हणून नियुक्ती झाली. योजना खरोखर चालतात की नाही हे पाहून त्यांनी थेट न्यायालयाला अहवाल द्यायचा होता. आणि २९ ऑक्टोबर २००२ रोजी न्यायालयाने सांगितले की, एखाद्या राज्यात भूकबळी होत राहिले तर आदेशांची अंमलबजावणी झाली नाही असे गृहीत धरता येईल आणि त्यासाठी मुख्य सचिवाला जबाबदार धरले जाईल. तोवर भुकेची जबाबदारी पावसावर, तलाठ्यावर, रेशन दुकानदारावर, फार तर जिल्हाधिकाऱ्यावर टाकण्याची रीत होती. आता ती सचिवालयाच्या पहिल्या दालनापर्यंत चढली. २ मे २००३ च्या आदेशाने आदिम जमातींतील सर्व कुटुंबांना अंत्योदय शिधापत्रिकेचा हक्क मिळाला. बारांच्या सहरियांबरोबर रायगड-ठाण्याचे कातकरी, यवतमाळचे कोलाम आणि गडचिरोलीचे माडिया गोंडही त्यात आले. राजस्थानातील दुष्काळाचा लाभ महाराष्ट्राच्या डोंगरकपारीपर्यंत असा पोहोचला.

जयपूरला या विषयाची जुनी ओळख आहे. शहराच्या मध्यभागी असलेली रामनिवास बाग, जिच्यात अल्बर्ट हॉल हे संग्रहालय उभे आहे, ती महाराजा सवाई रामसिंह यांनी १८६८ च्या सुमारास दुष्काळी काम म्हणून करवून घेतली. हवेशीर बाग म्हणून ती पाहायला येणाऱ्या पर्यटकाला हे बहुधा कोणी सांगत नाही. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००, या साली पडलेला 'छप्पनिया' दुष्काळ राजपुतान्याच्या बोलण्यात आजही शिल्लक आहे. हावरटासारखे खाणाऱ्याला 'छप्पनियाचा' म्हणून हिणवले जाते. तेव्हाचे महाराजा माधोसिंह यांच्या मोठ्या देणगीतून १९०० मध्ये दुष्काळ निवारणासाठी अखिल भारतीय विश्वस्त निधी उभा राहिला. पण संस्थानी औदार्य आणि हक्क यांत फरक आहे. रयतेने राजाच्या दानाची वाट पाहायची असते, मागणी करायची नसते.

दुष्काळात धान्य संपते म्हणून माणसे मरतात, हा समज अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात खोडून काढला. १९४३ च्या बंगालमध्ये धान्याचा तुटवडा होता त्यापेक्षा ते विकत घेण्याची शेतमजूर, मच्छीमार आणि कारागिरांची ऐपत अधिक वेगाने कोसळली होती. महाराष्ट्राने हेच सूत्र उलट्या बाजूने सिद्ध केले. १९७२ चा दुष्काळ पाऊसमानाने भीषण होता. राज्यातील धान्योत्पादन निम्म्याच्या खाली घसरले. तरीही बंगालची पुनरावृत्ती झाली नाही, कारण १९७३ च्या मे महिन्यात जवळपास पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. हाताला काम होते म्हणून हातात मजुरी होती, आणि मजुरी होती म्हणून आयात केलेला लाल मिलो का होईना, चुलीवर चढत होता. त्या पिढीतील जी माणसे आज हयात आहेत त्यांना त्या मिलोची आणि सुकडीची चव आठवते. तासगाव तालुक्यातील विसापूरला १९६५ मध्ये वि. स. पागे यांनी केलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. ज्याँ द्रेझ यांनी दुष्काळ निवारणाचा जो अभ्यास केला त्यात महाराष्ट्राचे हे उदाहरण मध्यवर्ती आहे. तेच द्रेझ पुढे जयपूरच्या याचिकेभोवती उभ्या राहिलेल्या अन्न अधिकार मोहिमेत आणि २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याच्या मसुद्यात सहभागी झाले. राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटनेने हजेरीपटांच्या जनसुनावणीतून माहितीचा अधिकार मागितला, महाराष्ट्राने कामाचा हक्क दिला, आणि या दोन धाग्यांची गाठ अन्नाच्या हक्कात बसली.

जगाकडे पाहिले तरी चित्राची रेषा फारशी बदलत नाही. जगात वर्षाला सुमारे २८० कोटी टन तृणधान्य पिकते. माणशी हिशेब केला तर दिवसाला जवळजवळ एक किलो. अर्थात, त्यातील मोठा वाटा जनावरांच्या चाऱ्यात आणि इंधनात जातो. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातील सुमारे ६७ कोटी ३० लाख लोक, म्हणजे लोकसंख्येच्या ८.२ टक्के, उपाशी होते. त्यांतले ३० कोटी ७० लाख आफ्रिकेत. तेथे दर पाचांतील एकाहून अधिक माणूस भुकेला आहे. सकस आहार न परवडणाऱ्यांची संख्या २६० कोटी आहे. याच अहवालाने भारतातील कुपोषितांचे प्रमाण १२ टक्के, म्हणजे सुमारे १७ कोटी २० लाख, असे धरले आहे. जागतिक भूक निर्देशांकात २०२५ साली १२३ देशांत भारताचा क्रमांक १०२ वा लागला. केंद्र सरकारने या निर्देशांकाची पद्धत वेळोवेळी सदोष ठरवली आहे, आणि त्यातील काही आक्षेपांना अभ्यासकांचाही दुजोरा आहे. निर्देशांकातील चारपैकी तीन घटक केवळ बालकांशी संबंधित आहेत. पण क्रमांकावर वाद घालून मुलांचे वजन वाढत नाही.

तीव्र उपासमारीची कारणे पाहिली तर आकाशाइतकाच दोष माणसांचा दिसतो. अन्नसंकटावरील २०२५ च्या जागतिक अहवालात ५३ देश-प्रदेशांतील २९ कोटी ५० लाख लोक तीव्र अन्नटंचाईत असल्याचे नोंदले आहे. त्यातील सुमारे १४ कोटी लोकांच्या बाबतीत मुख्य कारण युद्ध वा सशस्त्र संघर्ष हे होते. हवामानाचा क्रमांक त्यानंतरचा. सुदानमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये झमझम छावणीत आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अल फाशेर व काडुगली येथे दुष्काळ अधिकृतपणे नोंदला गेला. ही शहरे वेढ्यात अडकली होती. गाझा शहर आणि परिसरात २२ ऑगस्ट २०२५ रोजी अशीच नोंद झाली; ऑक्टोबरातील शस्त्रसंधीनंतर ट्रक आत जाऊ लागले आणि डिसेंबरात तज्ज्ञांनी दुष्काळाची स्थिती मागे हटल्याचे सांगितले. सीमेपलीकडे अन्न उभे होतेच. दुष्काळ जाहीर करण्याची जी आंतरराष्ट्रीय कसोटी आहे तीही मुद्दाम पाहावी: वीस टक्के कुटुंबे अन्नाला पूर्ण मोताद, तीस टक्के बालके तीव्र कुपोषित, आणि दररोज दर दहा हजारांमागे दोन मृत्यू. एवढे घडेपर्यंत 'दुष्काळ' हा शब्द वापरता येत नाही. शाहाबादच्या पाड्यात आणि अल फाशेरच्या वेढ्यात भुकेचे नाव घेण्यासाठी प्रेते मोजावी लागतात, एवढे साम्य आहे.

भारतात वेढा नाही, युद्ध नाही, धान्याची ददात तर नाहीच. २०१० मध्ये पुन्हा एकदा गोदामे तुडुंब झाली आणि गहू सडल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली, तेव्हा जयपूरच्या त्याच याचिकेत न्या. दलवीर भंडारी यांच्या पीठाने सडवण्याऐवजी ते धान्य गरिबांना फुकट वाटा, असे सांगितले. न्या. भंडारी मूळचे राजस्थानचे आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. कृषी आणि अन्न ही दोन्ही खाती तेव्हा शरद पवार यांच्याकडे होती. न्यायालयाने सूचना केली आहे, आदेश दिलेला नाही, असा अर्थ पवारांनी लावला. ३१ ऑगस्ट रोजी पीठाने तो आदेशच होता असे सुनावले. त्यानंतर आठवडाभरातच पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी न्यायालयांनी धोरणाच्या क्षेत्रात उतरू नये, असे मत मांडले. धान्य फुकट वाटले तर शेतकऱ्याला पिकवण्याची प्रेरणा काय राहील, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न अगदीच निराधार नव्हता. पण सुमारे बारा वर्षांनी, १ जानेवारी २०२३ पासून, तेच रेशनचे धान्य केंद्राने पूर्णतः मोफत केले, १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षांची मुदत दिली, आणि शेतकऱ्याने गहू पिकवणे काही सोडले नाही. मधल्या काळात २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. राजस्थानने त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून, महाराष्ट्राने १ फेब्रुवारी २०१४ पासून तो लागू केला. माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. २००१ च्या अंतरिम आदेशातील हक्क आता संसदेच्या शिक्क्याने कायम झाला.

त्याचे फलित काय, याचे उत्तर मराठी मनाला थोडे बोचणारे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत राजस्थानातील पाच वर्षांखालील ३९.१ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी होती. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ३१.८ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात याच काळात ते ३४.४ वरून ३५.२ झाले. उंचीच्या मानाने रोडावलेल्या बालकांचे प्रमाण राजस्थानात १६.८ टक्के, महाराष्ट्रात २५.६ टक्के, राष्ट्रीय सरासरी १९.३. देशाच्या सकल उत्पन्नात सर्वांत मोठा वाटा उचलणारे राज्य बालकांच्या वजनात 'मागास' म्हटल्या गेलेल्या राजस्थानच्या मागे पडले आहे. हे अचानक घडलेले नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांच्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने सरकारी नोंदीत न येणारे बालमृत्यू मोजून दाखवले. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ अभियान सुरू झाले आणि २०१२ च्या राज्यव्यापी पाहणीत दोन वर्षांखालील खुजेपणात लक्षणीय घट दिसली. त्या यशाचे कौतुक परदेशातही झाले. ते टिकवता मात्र आले नाही. मेळघाटच्या बालमृत्यूंवरून मुंबई उच्च न्यायालय राज्य सरकारला २०२५ च्या नोव्हेंबरातही फटकारत होते. कुपोषण नुसत्या धान्याने हटत नाही. आईचे वय, दोन बाळंतपणांतील अंतर, पिण्याचे पाणी, अंगणवाडीतील ताजा आहार, डाळ-तेल-अंडे यांची त्यात गणती असते. पाच किलो गहू-तांदूळ पोट भरतो, हाडे वाढवत नाही. अंगणवाडीच्या आहाराचे कंत्राट हा ज्या राज्यात राजकीय अर्थकारणाचा विषय होतो, तेथे आकडे असेच येणार.

आणि पाच किलो तरी कोणाला? कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्या सामावली जाते; राज्यागणिक हे प्रमाण वेगळे आहे. राजस्थानसाठी ६९.०९ आणि ५३ टक्के, महाराष्ट्रासाठी ७६.३२ आणि ४५.३४ टक्के. ही टक्केवारी काढायची ती प्रसिद्ध झालेल्या ताज्या जनगणनेवरून, असे कायद्याचे नववे कलम सांगते. ताजी जनगणना म्हणजे २०११ ची. २०२१ ची झालीच नाही. त्यामुळे राजस्थानचा कोटा ४ कोटी ४६ लाखांवर आणि महाराष्ट्राचा सुमारे ७ कोटींवर गोठलेला आहे. २०११ मध्ये राजस्थानची लोकसंख्या ६ कोटी ८५ लाख होती. आता ती आठ कोटींच्या पुढे गेल्याचा अंदाज आहे. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि मेघना मुंगीकर यांनी २०२० मध्ये हिशेब मांडला तेव्हाच देशभर दहा कोटींहून अधिक माणसे केवळ जुन्या जनगणनेमुळे यादीबाहेर असल्याचे दिसले होते. न्यायालयाने याबाबत विचारणा केली तेव्हा केंद्राने नवव्या कलमाकडेच बोट दाखवले.

या गोठलेल्या यादीचा सर्वाधिक फटका घर सोडून निघालेल्याला बसतो. २०२० च्या टाळेबंदीत महामार्गांवरून चालत निघालेली माणसे उपाशी होती ती त्यांचे रेशन गावी होते म्हणून. 'एक देश, एक शिधापत्रिका' या योजनेची सुरुवात २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्या दोन जोड्यांनी झाली त्यांत महाराष्ट्र-गुजरात ही एक होती. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ रोजी सर्व राज्यांना ती महिनाभरात लागू करण्यास सांगितले. आज बीडचा ऊसतोड मजूर दिवाळीनंतर कर्नाटकात गेला तरी तेथील दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचे धान्य उचलू शकतो, निदान नियमाने. मात्र त्याच्यासोबत कोपीवर राहणाऱ्या मुलाचे माध्यान्ह भोजन आणि धाकट्याची अंगणवाडी गावीच राहते. आणि ज्याच्याकडे मुळात शिधापत्रिकाच नाही त्याला देशभर हिंडून काय उपयोग? ई-श्रम पोर्टलवर नोंदल्या गेलेल्या सुमारे आठ कोटी असंघटित कामगारांचे नाव अन्नसुरक्षा यादीत नसल्याचे निघाले. त्यांना शिधापत्रिका द्या, कोट्याची सबब सांगू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२४ मध्ये बजावले.

गोदामांची स्थिती मात्र जुन्याच वळणावर आली आहे. तांदळाचा सरकारी साठा २०२५ मध्ये विक्रमी पातळीवर पोहोचला आणि २०२४-२५ च्या हंगामासाठी ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलनिर्मितीकरिता क्विंटलला २,२५० रुपये दराने देण्याचा निर्णय झाला. तांदूळ सडण्यापेक्षा इंधन झालेला बरा, हे खरे. पण आठ कोटी माणसांना माणशी पाच किलोप्रमाणे वर्षाला लागणारे धान्य भरते ४८ लाख टन. हा गुणाकार करण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ असण्याची गरज नाही.

राजस्थान सरकारने यादीत जागा करण्यासाठी १ नोव्हेंबर २०२४ पासून 'गिव्ह अप' अभियान चालवले. सधन कुटुंबांनी आपण होऊन रेशनवरचा हक्क सोडावा, न सोडल्यास वसुली होईल, असा त्याचा दंडक. लाखो नावे कमी झाली, आणि २६ जानेवारी २०२५ पासून नव्या अर्जांसाठी पोर्टल उघडण्यात आले. चारचाकीवाल्याने रेशन सोडणे योग्यच. पण वगळलेल्यांत खरोखर सधन किती आणि दंडाच्या भीतीने मागे हटलेले किती, याची छाननी कोणी करायची? पॉस यंत्रावर ठसा न उमटलेली वृद्धा आणि ई-केवायसीची मुदत हुकलेला मजूरही यादीतून असेच गळत असतात, आणि कार्यालयीन भाषेत तिन्ही प्रकारांना 'अपात्र' हा एकच शब्द आहे. २०१९ पासून चालणाऱ्या राजस्थानच्या जनसूचना पोर्टलवर कोणत्या दुकानात किती धान्य उतरले हे कोणीही पाहू शकतो. ही सोय महाराष्ट्राने उचलण्याजोगी आहे. यादीबाहेरच्यांची यादी मात्र कोठल्याच पोर्टलवर नाही.

जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली असून १ मार्च २०२७ ही देशाच्या बहुतांश भागासाठी गणनेची संदर्भ वेळ आहे. ते आकडे प्रसिद्ध होऊन राज्यांचे कोटे नव्याने ठरेपर्यंत जयपूरच्या जिल्हा पुरवठा कार्यालयात नवे नाव घ्यायचे तर आधी एखादे जुने नाव कमी व्हावे लागेल.